लेकरासह सहल : धाराशिव जिल्हा

लहान लेकराला घेऊन केलेली एक दिवसाची सहल लेकराच्या ज्ञानात भर पडावी म्हणून काढली जाते, असे बाप सांगतो. खरे कारण वेगळे आहे. तीन-चार वर्षांचे लेकरू हा असा श्रोता आहे, ज्याचा हात धरून ठेवता येतो. कचेरीत, मित्रांत आणि सासुरवाडीत ज्याचे चार वाक्यांपलीकडे कुणी ऐकून घेत नाही, त्याला किल्ले, लेणी, संताचे गाव आणि शक्तिपीठ एवढा ऐवज एकाच जिल्ह्यात मिळाल्यावर तो सुटीच्या दिवशी घरी कशाला बसेल? प्रस्तुत नोंदीचा कर्ता याच वर्गात मोडतो. इतर बापांहून आपण वरचे आहोत अशी त्याची समजूत आहे, कारण तो आदल्या रात्री वाचून येतो.

तयारी आईकडे असते. दशम्या, धपाटी, शेंगाची चटणी, झाकण नीट बसत नाही हे ठाऊक असूनही दरवेळी बरोबर घेतला जाणारा दह्याचा डबा, कपड्यांचे जास्तीचे जोड, तापाचे औषध आणि निघताना आज्जीने कानामागे लावलेली काजळाची तीट, एवढे झाल्यावर घराला कुलूप लागते. बाप हा सगळा वेळ गाडीपाशी उभा राहून “आवरा की लवकर” म्हणत असतो आणि पुढे महिनाभर सहल आपण काढली असे लोकांना सांगतो.

वाटेत शेळ्या लागतात. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळीची जात मात्र अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, रानातल्या पाल्यावर तगणारी आणि बहुधा जुळी देणारी ही शेळी दोन दोन करडे घेऊन दिवसभर हिंडते, तेही पिशवीशिवाय. एका लेकरामागे तीन पिशव्या वागवणाऱ्या कुटुंबाने तिच्याकडे फार वेळ पाहू नये. लेकराच्या दृष्टीने सहल इथेच पूर्ण झालेली असते. करडू दिसले, करडाने ‘बें’ केले, आता घरी चला. बापाचा अजून पहिला परिच्छेदही झालेला नसतो.

तो नळदुर्गला सुरू होतो. बोरी नदीवर बंधारा घालून तिचे पाणी किल्ल्यात खेळवले आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे अंगावरून कोसळत असताना आत बसलेला माणूस कोरडा राहतो, ही त्याची ख्याती. बाप हे हातवारे करून सांगत असतानाच लेकराला वाटेतले एक डबके सापडते. माणूस कोरडा ठेवण्याची चारशे वर्षांची विद्या तिथे हरते आणि कपड्यांचा पहिला जोड खर्ची पडतो.

नळदुर्गाचा दुसरा मोह म्हणजे मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीने गाजलेला हा इंग्रज अधिकारी १८५३ पासून काही वर्षे इथे मुलखाचा कारभार पाहत होता. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये त्याचे आत्मचरित्र निघाले, ते त्याच्या मुलीने संपादित केलेले. हा तपशील बाप नको तितक्या वेळा सांगतो. सांगताना त्याची नजर पुढच्या तीस-चाळीस वर्षांवर लागलेली असते : आपली टिपणे, आपली छायाचित्रे, आणि ती जिव्हाळ्याने लावणारी आपली लेक. “पप्पा, गप की जरा,” हे लेकीचे पहिले संपादन त्याच वेळी हाती येते.

तुळजापूरची गोष्ट निराळी. तिथे व्याख्यानाची गरज नसते, रांगेतल्या प्रत्येकाला सगळे माहीत असते. मंदिराच्या आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागचा हलला नाही तर थांबा. मोठी माणसे नोकरी, लग्न आणि शेतीची वाटणी धरून डोळे मिटतात. लेकराला उत्तर नको असते, दगड फिरायला हवा असतो. ते प्रश्नाविनाच जोर लावते. बापाने पोरगी कलेक्टर होणार का असे विचारलेले असते. दगड हलत नाही. बाप मागच्यांची गर्दी वाढल्याचे कारण काढून हात उचलतो.

तुळजापूरविषयी एका गोष्टीचा विस्तार करणे भाग आहे, ती म्हणजे झोप. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्यात सुरू होऊन घटस्थापनेला संपते ती घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रम निद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. दसऱ्याची पालखी आणि पलंग नगरच्या बाजूने, गावोगावी मान घेत येतात. निजवण्याचा विधी ठरलेला, उठवण्याचा विधी ठरलेला, मधल्या काळात कुणी हाक मारून म्हणत नाही की आपलं टॉवेल कुठंय. झोपेचे इतके पद्धतशीर शास्त्र दुसरीकडे क्वचितच असेल, आणि लेकराच्या बापाला त्याचा हेवा वाटतो तो रास्तच आहे.

कारण लेकराच्या निद्रेला यातले एकही सूत्र लागू पडत नाही. घोर निद्रा त्याला लागते, पण तासन्‌तास रांगेत जागे राहून गाभारा समोर आल्यावर. “बघ, आई बघ,” असे म्हणत बाप त्याची मान सरळ करू पाहतो, ती पुन्हा खांद्यावर पडते आणि पुजारी पुढे सरका म्हणतो. मोह निद्रा बापाची. ती जेवणानंतर झाडाखाली, फक्त पाच मिनिटे म्हणून लागते. राहिली श्रम निद्रा. नऊ दिवस महिषासुराशी लढल्यावर देवीला पाच दिवसांची विश्रांती लागते, हे इथल्या लोकांनी मानले आणि तिची तिथी ठरवून दिली. आई थकते हे पंचांगात लिहिलेले घर एवढे एकच. त्याच घराच्या पायऱ्यांवर बसून गावोगावच्या आया लेकरांचे ओले कपडे बदलत असतात आणि त्यांना शेवटची पुरी झोप कधी मिळाली, हे सांगणारी तिथी कुठल्याच पंचांगात नाही. देवीला ‘आई’ म्हणून लोटांगण घालणाऱ्या बापांना हे सुचत नाही. सुचायला हवे.

तेरला इतिहास दोन हजार वर्षे मागे जातो. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात ज्या तगर नगरीचा व्यापार सांगितला आहे ती हीच, हे वाक्य बापाचे पाठ असते. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या भाजक्या मातीच्या बाहुल्या काचेआड ठेवल्या आहेत. “ह्या कुणाच्या हायत?” असे लेकरू विचारते. सातवाहनांच्या, असे उत्तर मिळते. पण तिला राज्य कुणाचे ते विचारायचे नसते. बाहुली इथे राहिली, मग जिची आहे ती पोरगी आता कशाशी खेळते, एवढेच तिला हवे असते. त्यावर पेरिप्लसमध्ये काही नाही.

तेरणाकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे. इथली कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. बायको लेकराकडे बघा म्हणून सांगून पाण्याला गेली, गोरोबा चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात बुडाले आणि रांगत आलेले तान्हे पायाखाली आले. कथेत विठ्ठलाने ते परत दिले, पुढे पंढरपुरात भर कीर्तनात रांगत आले. ही कथा सांगताना बापांचा गळा भक्तीने दाटतो. ऐकणाऱ्या आया आपले लेकरू मांडीवर ओढून घेतात. पाण्याहून परत आलेल्या त्या बाईने घागर कुठे ठेवली असेल, हे कीर्तनात येत नाही. पण तेरला ते मनातून जात नाही.

गोरोबांच्या तंद्रीत निदान विठ्ठल होता. आजचा बाप शिखर पूर्ण चौकटीत यावे म्हणून मोबाइल उंच धरून मागे मागे सरकत असतो, लेकरू घाटाच्या पायऱ्यांकडे निघालेले असते, आणि “अहो, लेकराकडं बघा जरा” हे सातशे वर्षांत न बदललेले वाक्य ऐकू येते. बाप वळेपर्यंत आईने दंड धरलेला असतो. फोटो चांगला आलेला असतो. त्या रात्री तो घरच्या ग्रुपवर ‘लेकीला इतिहासाची गोडी’ या ओळीसह जातो.

परतीला खव्याचे पेढे घ्यावेत. भूम आणि कुंथलगिरीकडचा खवा नावाजलेला आहे, आणि तोंडात पेढा असेपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही.

परंड्याचा किल्ला पुढच्या सुटीसाठी राखून ठेवला जातो. तिथे तोफा आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, मुलुखमैदान, आता तिथे नाही. ती १६३२ मध्ये विजापूरला नेली. नसलेल्या त्या तोफेवर बापाने अर्ध्या तासाची तयारी केली आहे. परंड्यात मुलुखमैदान उरली नाही याची त्याला हळहळ वाटते. आईला तशी उणीव जाणवत नाही.