बागुलबुवाची नोकरी

घरोघरी बागुलबुवाला कामावर ठेवलेलं असतं. पगार नाही, रजा नाही, निवृत्ती तर नाहीच. वरणभाताचा शेवटचा घास संपवून घेणं, भर दुपारी पोरांना झोपवणं, गॅलरीच्या कठड्यापासून लांब ठेवणं ही त्याची ठरलेली कामं. मदतीला गोणीवाला, पोलीस, सुईवाले डॉक्टर आणि वरच्या मजल्यावरचे मिशीवाले काका. आपली अशी नेमणूक झाली आहे हे काकांना ठाऊकही नसतं. जिन्यात पोर त्यांना पाहून किंचाळतं, तेव्हा ते बिचारे शर्टाची बटणं नीट लागली आहेत ना ते बघतात.

मग रात्री तेच पोर पाणी प्यायला एकटं स्वयंपाकघरात जायला तयार नसतं. आपण म्हणतो, "एवढा घोडा झालास आणि भितोस कसला? कोणी नाहीये तिथे." दुपारी जेवताना होता तो आता कुठे गेला, हे मात्र आपण सांगत नाही.

बरं, सगळ्याच भित्या काही आपण घातलेल्या नसतात. कालपर्यंत कोणाच्याही कडेवर जाणारं बाळ सात-आठ महिन्यांचं झालं, की मावशीला बघून भोकाड पसरतं. मावशी खट्टू होते. खरं तर बाळाला आपलं-परकं कळू लागलेलं असतं. अंधाराची भीती पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुमारास येते, कारण तोवर कल्पनाशक्ती जोमात आलेली असते. खुर्चीवरच्या टॉवेलला हातपाय फुटतात ते त्याच वयात. अशा वेळी "काही नाहीये" म्हणून भागत नाही. आमच्या आज्या ते जाणून होत्या. तिन्हीसांजेला दिवा लावून पोरांकडून भीमरूपी म्हणवून घ्यायच्या. भूत आहे की नाही या वादात न पडता भुतापेक्षा दांडगा गडी आपल्या बाजूला उभा करायचा, ही त्यातली हुशारी.

भीती घालायला मात्र हुशारी लागत नाही. वॉटसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अल्बर्ट या तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती बसवली, ती हकिकत १९२० साली छापून आली. साहित्य काय, तर पोलादी दांडा आणि हातोडा! उंदराला हात लावला की मागे धाडकन आवाज. उलटं काम मेरी कव्हर जोन्स या बाईंनी केलं, ते १९२४ साली प्रसिद्ध झालं. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. आधी बाईंनी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळवलं, ससाही तिथेच असायचा. भीती हळूहळू कमी होत गेली. मध्येच पीटर आजारी पडला, वर एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवलं आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात गेली. बाईंनी नव्या रीतीने पुन्हा सुरुवात केली: पीटरच्या हातात आवडीचा खाऊ द्यायचा, ससा पिंजऱ्यात, तो रडणार नाही इतका लांब ठेवायचा आणि मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी तर पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला.

मला या हकिकतीत सशापेक्षा कुत्रा महत्त्वाचा वाटतो. "काल तर गेली होतीस की अंधारात!" असं आपण किती सहज म्हणतो. कालपासून आजपर्यंत तिला कुठला कुत्रा भेटला, ते कोणी विचारत नाही.

आमच्या नातीची भीती म्हणजे मिक्सर. तो घुरघुरला की ती कानांवर हात ठेवून बाहेर पळायची. सुनेने तिला आधी दिवाणखान्यातच राहू दिलं, फक्त "आता लावते हं" म्हणून आधी सांगायचं. मग पोरगी दारापर्यंत आली, मग ओट्याजवळ. एके दिवशी सुनेने झाकण घट्ट धरलं आणि बटण फिरवायला नातीला दिलं. बंदही तीच करणार, मनात येईल तेव्हा! घर्र, बंद. घर्र, बंद. त्या दिवशी चटणीचं पार गंध झालं.

आता त्या बटणाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. सकाळी सातला, दात घासायच्या आधी, "आज काय वाटायचं?" असा सवाल येतो आणि घरात खोबरं टिकत नाही. खालच्या बिऱ्हाडात नुकतंच बाळ आलंय. ते म्हणे रोज सातच्या ठोक्याला दचकून उठतं.