ते एक मत कुणाचं हो?

अहो, इकडे या ना जरा कुंपणापाशी. ऐकलंत का, ते एक मत कुणाचं ते अजूनही कळलेलं नाही म्हणे! कुठलं म्हणजे काय, आपल्या सिएटलच्या बेसबॉलवाल्या इचिरोचं! ३९४ मतं पडली, ३९३ जणांनी त्याच्या नावापुढे खूण केली आणि एका मेल्यानं नाही केली. 'तो मीच' असं छाती ठोकून म्हणालेला कुणी माझ्या तरी कानावर नाही. म्हणेल कशाला! सिएटलच्या एअरपोर्टवर उतरता तरी येईल का त्याला?

निकाल लागला त्या जानेवारीत आमचे हे ऑफिसातून आले ते तोंड पाडूनच. मी म्हटलं, अहो, हॉल ऑफ फेममध्ये निवडून आलाय ना तो? जपानातून आलेला पहिला खेळाडू, पेढे वाटायचे सोडून हे काय! तर म्हणतात, 'शंभर टक्के नाही मिळाले.' कोपऱ्यावरचे काका तेव्हा आमच्याकडेच बसले होते. त्यांनी समजूत घातली, की बाबा रे, २०२० साली जीटरलाही असंच एक मत कमी पडलं होतं, शंभर टक्के काय ते एकट्या मारियानो रिव्हेराचे. त्यावर हे पटकन बोलून गेले, 'जीटर न्यूयॉर्कचा, त्याला काय कमी होतं!' काकांचा चेहरा बघायला हवा होतात. उमेदीची सगळी वर्षं न्यू जर्सीत गेली हो त्यांची, यँकीजचे भक्त ते. चहा अर्धा ठेवून उठले.

आणि ज्याचं मत गेलं त्याला मात्र काहीच नाही. इचिरो म्हणाला, त्या गृहस्थांनी माझ्या घरी यावं, बसून एक ड्रिंक घेऊ. आणि जुलैत कूपरस्टाउनला हॉल ऑफ फेमच्या भाषणाला उभा राहिला, तेव्हा सांगून मोकळा झाला, की त्या आमंत्रणाची मुदत आता संपली! अस्सा हशा पिकला म्हणता. मायामीवाल्यांनाही सोडलं नाही. २०१५ मध्ये तुमचा कॉन्ट्रॅक्टसाठी फोन आला, तेव्हा खरं सांगतो, तुमच्या टीमचं नावही मी ऐकलं नव्हतं म्हणे! आणि हे सगळं इंग्लिशमधून.

तुम्हाला आठवतंय ना, इतकी वर्षं मुलाखत म्हटली की शेजारी दुभाषा उभा. माझ्या जावेची तर खात्रीच होती, की ह्याला यस-नोच्या पुढे काही येत नाही. आणि ऑल-स्टारच्या ड्रेसिंग रूममध्ये काय चालायचं? मॅचच्या आधी हा उठायचा आणि समोरच्या नॅशनल लीगवाल्यांना इंग्लिशमधून अशा शिव्या हासडायचा, की बाकीचे हसून हसून लोळायचे. डेव्हिड ऑर्टिझनंच फोडलं ते पेपरवाल्यांपाशी. लॅटिन पोरांना बेसवर उभ्याउभ्या स्पॅनिशमधून चिडवायचा ते आणखी वेगळंच. आणि आम्ही इकडे 'किती बाई शांत, किती शालीन' करत बसलो होतो! खरं सांगू? ते कळलं तेव्हापासून मला तो जास्तच आवडायला लागला. सासूबाईंना सांगू नका हं.

तर काय सांगत होते... हां, तो नवा आला तेव्हाचं. काय काय बोलले होते लोक! आपल्या सिएटलच्या मरीनर्सनी नुसती त्याच्याशी बोलणी करायची म्हणून त्याच्या जपानी क्लबला एक कोटी एकतीस लाख डॉलर मोजलेले. तिकडे ओरिक्सकडून सलग सात वर्षं बॅटिंगचा किताब त्याचाच. तरी इथले शहाणे म्हणत होते, एवढीशी अंगकाठी, इथल्या फास्टबॉलपुढे टिकायची नाही. मग २००१ साली जे झालं ते तुम्हाला मी काय नव्यानं सांगायचं! २४२ हिट, .३५० ची सरासरी, ५६ बेस चोरले. रूकीचं बक्षीस त्याला, एमव्हीपीही त्यालाच. त्याच्याआधी दोन्ही एकाच वर्षी मिळवणारा एकटा फ्रेड लिन, तोही १९७५ साली. बोलणारे सगळे बसले गप्प.

आणि ओकलंडचा तो थ्रो! एप्रिल महिना, सीझन जेमतेम सुरू झालेला. टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून सुटला, दुसरा ओलांडला, आता तिसरा आपलाच अशा ऐटीत धावत होता. इचिरोनं उजवीकडे लांब बॉल उचलला आणि फेकला. उंच नाही हो, कमान नाहीच. सुतात यावा तसा थेट डेव्हिड बेलच्या ग्लोव्हमध्ये, बेसच्या अगदी वर. बिचारा लाँग घसरत येतोय तो बॉल आधीच हजर! ह्यांनी ते इतक्यांदा लावून दाखवलंय, की मला आता झोपेतही दिसतं.

सासूबाई सांगलीहून पहिल्यांदा आल्या ना, त्यांना हौसेनं मॅचला नेलं होतं. क्रिकेट बघून केस पांढरे झालेली बाई ती. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, 'अगं, हा तर बॅटला बॉल लागायच्या आधीच पळायला लागतो! आणि एवढं पळून एकच बेस? सिक्सर कुठाय?' मी कपाळाला हात लावला. पण बघा, ह्याच गावात मोठमोठ्या लोकांची तीच तर तक्रार होती. नुसते सिंगल्स. प्रॅक्टिसला बॉल वर गॅलरीत पाठवतो, मग मॅचमध्ये काय झालं? मला विचाराल तर त्याला जे करायचं होतं तेच त्यानं केलं. मुळात उजव्या हाताचा माणूस, बापानं लहानपणीच डावीकडून बॅट धरायला शिकवलं, का, तर पहिला बेस दोन पावलं जवळ पडतो. तो सगळा हिशेब धावण्याचाच होता. २००४ मध्ये २६२ हिट काढल्या. जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम ८४ वर्षं कुणाच्या बापाला मोडता आला नव्हता. त्या दिवशी सिस्लरची ऐंशी ओलांडलेली लेक पुढच्या रांगेत बसली होती आणि हा खेळ थांबलेला असताना तिच्यापाशी जाऊन हात मिळवून आला. पुढे २००९ मध्ये ऑल-स्टारच्या निमित्तानं सेंट लुइसला गेला, तर बायकोला घेऊन सिस्लरच्या थडग्यावर फुलं वाहून आला. ज्याचा विक्रम मोडला त्याच्या! हे मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा कुठे 'मुलगा संस्कारी आहे' म्हणाल्या. सिक्सरचं नाव परत काढलं नाही.

आता आपल्यातच सांगते, सगळं काही गोडगोड नव्हतं. २००८ आठवतंय? टीम १०१ मॅच हरली आणि ह्याच्या आपल्या नेहमीच्या दोनशेच्या वर हिट. छापून आलं होतं की, टीममधल्याच काहींना त्याला बडवायचं होतं! म्हणजे विचार करा. तो स्वार्थी आहे, स्वतःचे आकडे जपतो, असं कुजबुजणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. थोडंफार खरंही असेल हो. स्वतःच्या बॅटला तो जपायचा ना, तेवढं कुणाला जपल्याचं ऐकलं नाही मी. मिझुनोच्या कुबोता नावाच्या कारागिरानं घडवलेल्या त्या बॅटी, दमट हवा लागू नये म्हणून खास पेटीत. आउट झाला तरी आपटणं नाही, फेकणं नाही. पण टीम बुडत असताना एकटा रोज दोन-दोन हिट काढतो म्हणून त्याला दोष द्यायचा, हे काही मला पटत नाही.

मग २०१० नंतर वय दिसायला लागलं. दहा वर्षं ओळीनं दोनशे हिट काढल्या आणि अकराव्या वर्षी गाडी अडली. २०१२ च्या जुलैत यँकीजकडे गेला तो प्रकार तर तुम्हाला आठवतच असेल! यँकीज इथेच आलेले. दुपारी ट्रेड झाला आणि संध्याकाळी आपल्याच मैदानावर, आपल्याच टीमच्या विरुद्ध उभा. ५१ चा नंबरही मागितला नाही तिथे, बर्नी विल्यम्सचा होता ना तो, म्हणून ३१ घातला. बॅटिंगला आला तशी सगळी माणसं उभी राहिली. त्यानं हेल्मेट काढलं, एकीकडे वळून कमरेत वाकला, मग दुसरीकडे वळून वाकला. आमचे हे म्हणाले डोळ्यांत काहीतरी गेलं. दोन्ही डोळ्यांत गेलं वाटतं!

काका त्या दिवशी पेढे वाटत होते. मेले यँकीज.

आणि पीट रोझचं ऐकलंत ना तेव्हा? देव त्याला सद्गती देवो, पण काय बोलला होता! २०१६ च्या जूनमध्ये इचिरोच्या जपानातल्या १२७८ हिट आणि इथल्या मिळून रोझच्या ४२५६ च्या पुढे गेल्या, तर रोझच्या पोटात दुखलं. आता शाळेतल्या हिटसुद्धा मोजतील म्हणे! अहो, माहेरी दहा वर्षं रांधलं ते काय स्वयंपाक नव्हता? सासरी आल्यावरचा पहिला भात तेवढा भात? माझ्यापुरती तर बेरीज ४३६७ चीच आहे. त्याच ऑगस्टमध्ये डेन्व्हरला इथली तीन हजारावी काढली, तीही ट्रिपल, बॉल भिंतीला लागून आला. नंतर डगआउटमध्ये गॉगल लावून बसला होता आणि गॉगलखालून गालावर ओघळ. बेचाळीस वर्षांचा माणूस!

लोक म्हणायचे, कशाला ताणतोय, मानानं थांबावं. आपल्याकडे सचिनच्या शंभराव्या शतकाची वर्षभर वाट बघितली तेव्हा नव्हतं का असंच चाललं घरोघरी? पण मला हाच त्याचा सगळ्यात मोठा काळ वाटतो, हसू नका. मायामीत तो बदली माणूस होता हो. रोज खेळायला मिळेलच असं नाही. एकेकाळचा एमव्हीपी, आणि तरी तेच स्ट्रेचिंग, तेच बॅट उभी धरून उजव्या खांद्याची बाही ओढणं, जसं काही आजच पहिली मॅच आहे. एवढं मोठं होऊन नंतर एवढं लहान काम असं मन लावून करायला किती जण तयार होतात, सांगा बरं? २०१८ मध्ये परत आपल्याकडे आला, मे महिन्यात त्याला खेळाडूंच्या यादीतून काढून ऑफिसातलं पद दिलं. मॅच चालू असताना डगआउटमध्ये बसायला बंदी. तर हा पठ्ठ्या न्यूयॉर्कला खोट्या मिशा, गॉगल आणि हूडी घालून डगआउटमध्ये येऊन बसला! मी फोटो बघितला, लगेच ओळखला. त्या मिशा एका गणपतीतल्या नाटकालाही चालल्या नसत्या.

आणि शेवट टोकिओ डोमला, २०१९ च्या मार्चमध्ये. दोन मॅच, एकही हिट नाही. आठव्या इनिंगला मैदानात गेला आणि त्याला परत बोलावलं, सगळी टीम बाहेर येऊन मिठ्या मारायला उभी. तो पोरगा किकुची, पहिलाच मेजर लीगचा सामना त्याचा, ओक्साबोक्शी रडत होता. लोक घरीच जाईनात, शेवटी हा परत बाहेर येऊन फेरी मारून गेला. मग मध्यरात्रीच्या सुमारास पत्रकार परिषद, जवळजवळ दीड तास! पन्नाशीपर्यंत खेळणार म्हणाला होतो, ते जमलं नाही, असंही तिथंच सांगितलं.

पण त्या पत्रकार परिषदेतली माझी आवडती गोष्ट ऐका. युमिको, त्याची बायको हो, टीव्हीवर निवेदिका होती लग्नाआधी, वयानं त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. सकाळी उठल्याउठल्या करीभात हाच नाश्ता, असं वर्षानुवर्षं चाललं होतं ना, तो हिच्याच हातचा. तर हा सांगतो, सिएटलला मैदानावर न्यायला तिनं भाताचे मुटके वळून दिले, त्यांची मोजदाद ठेवली होती. २८०० च्या आसपास झाले. आणि तिलाही वाटत होतं, आपले तीन हजार व्हावेत! म्हणजे ह्याच्या हिट ३०८९ आणि तिचे मुटके राहिले ते राहिलेच. मी ह्यांना म्हटलं, कूपरस्टाउनला तिचाही एक ताम्रपट लावायला हवा होता. हे म्हणाले, डबा तर तूही देतेस. मी म्हटलं, मी मोजलेत का कधी?

भाषणातही तिचं नाव आलंच. खेळायचं थांबल्यावर दोघं गॅलरीत शेजारी बसून हॉट डॉग खात मॅच बघत होते, त्याचं वाटलेलं सुख सांगितलं त्यानं. माझी जाऊ म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाच्या बायकोला शेवटी मिळालं काय, तर हॉट डॉग! तिला काय कळणार.

तर काय सांगत होते... हां, ५१ नंबरचं राहिलंच की! त्या भाषणानंतर ऑगस्टमध्ये आपल्याकडे त्याचा नंबर कायमचा बाजूला ठेवला तेव्हा रँडी जॉन्सन हजर होता. मुळात इथला ५१ त्याचा ना. इचिरोनं २००१ मध्ये त्याला निरोप धाडला होता, की तुमच्या नंबराला खाली बघायला लावणार नाही. आधी इचिरोचा मान होऊ दे म्हणून जॉन्सन थांबायला तयार झाला आणि त्याच्यासाठी २०२६ चा मुहूर्त धरला. ही चर्चा आमच्या अंगणात चालली होती, तर काका मध्येच म्हणतात, 'सिएटल सोडून गेलेल्या माणसाला कशाला एवढा मान?' मी म्हटलं, काका, मग इचिरो कुठे गेला होता सोडून? तुमच्याकडेच ना? पेढे कुणी वाटले होते?

काका तेव्हापासून मला नमस्काराला नुसती मान हलवतात.