यंत्राला सील, गुरुजींना आदेश

निवडणूक जाहीर झाली की कसाऱ्याच्या आजूबाजूच्या शाळांत पहिला बळी जातो तो गणिताच्या तासाचा. गुरुजींना निवडणुकीच्या कामाचा आदेश येतो: लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम २६. टाळाटाळ केलीत तर शिक्षेचं कलम १३४ आहेच. याला मनुष्यबळाची भरती म्हणतात. अर्ज मात्र कोणीच केलेला नसतो.

मतदान यंत्राचं मात्र सगळं लाडाचं. जन्म बंगळुरू नाहीतर हैदराबादचा, मुक्काम पोलीस पहाऱ्यात, खोलीला दोन कुलपं. मतदानाआधी दीड तास चाचणी: किमान ५० मतं टाका, चिठ्ठ्या ताडा, पुसा, सील करा. चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटवर थेट उजेड पडू देऊ नका, हे तर आम्हाला घोकून घेतलं होतं.

२० मे २०२४, भिवंडी लोकसभा. घाटाच्या पायथ्याचं केंद्र, वर तापलेला पत्रा. यंत्राला पुठ्ठ्याची सावली केली, मला रुमाल होता. आमच्याच भातसा-तानसा धरणांचं पाणी मुंबईला कधीच पोचलं होतं. आमचा टँकर यायचा होता. तेवढ्यात पुठ्ठ्यामागून एक आजी ओरडल्या, "गुरुजी, चिठी दिसली आन् खाली पडली! काढून द्या ना." चिठ्ठी सात सेकंदच दिसते, हा नियम मी त्यांना सात मिनिटं समजावला.

रात्री साहित्य जमा करताना यंत्राचा क्रमांक, सीलचा क्रमांक, मतांच्या हिशेबाचा १७-क नमुना, सगळं दोनदा तपासलं गेलं. पावती मिळाली, यंत्राची. माणूस धड परत आलाय का, ही चौकशी फक्त बायकोनं केली.