बांधावरचे निरीक्षक

मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. पण आमच्या वावरात काय चाललंय याची खबर शिवाराला त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते. ट्रॅक्टरचा आवाज झाला की गायबगळे हजर. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मान पुढे काढून, नांगरामागे रांगेने चालतात. पाहणी दौराच म्हणायचा. फरक इतकाच, की हे जाताना हुमणीच्या चार अळ्या तरी कमी करून जातात. टिटवीचा मात्र कायमचा आक्षेप. अंडी उघड्या ढेकळांत घालायची आणि नांगर जवळ आला की आम्हीच अतिक्रमण केल्यागत शिवार डोक्यावर घ्यायचं.

भुईमूग पेरला की मोर येतो. १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, वर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण. त्यामुळे तासातला दाणा न् दाणा तो इतमामाने उकरतो. आपण पत्र्याचा डबा वाजवायचा, तोही अदबीने. ही दिवसपाळी मोराची, रात्रपाळी रानडुकरांची.

पण खरी तीक्ष्ण नजर बांधापलीकडच्या तात्यांची. एरवी महिनाभर दर्शन नाही. आपला वखर बांधाला वीतभर चिकटून गेला, की कडुनिंबाखालून खोकला ऐकू येतो. "औंदा लई लांबवर वखरलंय, राव!"

त्यांच्या अंगाने बांध दरवर्षी टीचभर बारीक होतो, ते कुणाच्या नजरेत येत नाही. विचारलं तर म्हणतात, "घुशीनं कोरला असंल."

घूस बिचारी. तिला खुलासा द्यायला तलाठ्याकडे जाता येत नाही.