अर्धं तिकीट

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून पुण्याला येताना एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक कुटुंब होतं. वाहकानं विचारलं, "पोरगं किती वर्षांचं?" वडील म्हणाले, "पाचवं चालू आहे." एसटीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पुढे बारापर्यंत अर्धं. मुलगा ताडकन उभा राहिला. "नाही बाबा, मी पहिलीत गेलो! सहा झाली मला!" वाहकानं काही न बोलता अर्धं तिकीट काढून हातात दिलं. पोरगा खूश. बाबा विसरले होते, आपण आठवण करून दिली, असंच त्याला वाटत होतं. वाहक पुढे सरकला आणि आईनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. "मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलंय?"

स्वारगेट येईपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. मीही बोललो नाही. त्याची लाज वाटते, म्हणून आज लिहितोय.

खरं बोललं की दुखतं, आणि दुखवतात ती आपलीच माणसं. त्या चिमट्यानं शिकवलं ते हे. हा धडा मुलं फार लवकर गिरवतात. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांत हे तपासलं. एका शाळेत चुकलं की छडी, टपली, चिमटा. दुसरीत रागावणं, फार तर थोडा वेळ बाजूला बसवणं. तीन-चार वर्षांच्या मुलांना एक खेळणं पाठीमागे ठेवून सांगितलं, वळून बघायचं नाही. बघितलं दोन्हीकडच्या बहुतेकांनी. पण "बघितलंस का?" या प्रश्नाला छडीच्या शाळेतली बघणारी जवळजवळ सगळी मुलं खोटं बोलली. शिवाय पुढच्या प्रश्नांनाही ती सापडली नाहीत, इतकं त्यांचं खोटं सफाईदार होतं. हा अभ्यास २०११ सालचा. मारानं मूल खरं बोलायला लागत नाही, खोट्यात तरबेज होतं.

तीन वर्षांनी याच मंडळींचा दुसरा अभ्यास आला. खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकून मुलांचं खोटं कमी झालं नाही. लांडगा आला रे आला ऐकूनही नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाच्या गोष्टीनं, जिथे मुलगा झाड तोडल्याचं कबूल करतो आणि बाप रागावण्याऐवजी त्याला जवळ घेतो. तीच गोष्ट शेवट बदलून, खोट्याचे वाईट परिणाम दाखवून सांगितली, तर तिचाही उपयोग होईना. म्हणजे भीती कामाची नाही. खरं बोलल्यावर आपलं कुणीतरी खूश होतं, एवढं मुलाला दिसावं लागतं.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतला मार बंद केला. घरातला चिमटा आपणच बंद करायचा आहे.

आणि तो शाळेचा प्रोजेक्ट! तिथे तर खोटं आपणच शिकवतो. रात्री अकरा वाजता आई थर्माकोल कापते, बाबा अक्षर काढतात, सकाळी मूल वर्गात सांगतं, "मी केलं." बाई जाणतात, आई जाणते, मूलही जाणतं. कृपा करून तो वाकडातिकडाच जाऊ द्या.

खरं बोलण्याचं झालं, आता दुसऱ्याला देण्याचं. तिथे आपण नेमकं उलटं करतो. खऱ्याची किंमत मोठ्यांनी सोसायची, ती आपण मुलावर टाकतो. देण्याची झीज मुलाला थोडी लागायला हवी, ती आपण लागू देत नाही. वाढदिवसाला अनाथाश्रमात नेतो, आपल्या पैशांचा खाऊ त्याच्या हातून वाटतो, फोटो काढतो. त्यात त्याचं स्वतःचं काय गेलं? २०१२ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खाऊ दिला आणि तो बाहुल्याला देताना त्यांचे चेहरे टिपले. दुसऱ्याकडून मिळालेला खाऊ पुढे देताना मुलं खुलत होती, पण स्वतःच्या वाटीतला देताना त्याहून जास्त. एवढंसं पोर, अजून धड बोलता येत नाही, आणि हा आनंद त्याला ठाऊक असतो. आपण तो त्याच्याकडून काढून घेतो. "वाटून खाल्लंस तर चॉकलेट" म्हणत लाच देतो. पाहुण्यांचं मूल आलं की याच्या हातातली गाडी ओढून "दे त्याला, शहाणा ना तू" म्हणतो. हे दान नव्हे, ही जप्ती आहे. गाडी त्याची आहे. द्यायची की नाही, हे त्यानं ठरवू दे. आज नाही देणार, उद्या देईल. उद्याही नाही दिली तरी थांबा.

जिथे खरोखर झीज सोसली गेली, ते घर मला आठवतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात गोरगरीब, सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही. आणि मुष्टिफंडासाठी घरोघरच्या बायका मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत.  चुलीजवळ बसलेल्या मुलाला त्या काळी कुणी परिपाठात औदार्य शिकवलं नसेल. आपल्या भाकरीच्या पिठातली मूठ दुसऱ्याच्या डब्यात जाते, हे ते रोज बघत होतं.

सुट्टी संपत आली आहे, परतीच्या गाड्या भरून येताहेत. या वेळी वाहकानं वय विचारलं, तर उत्तर मुलालाच देऊ द्या. तिकिटाचे पैसेही त्याच्याच हातानं द्या. आणि एसटीतल्या त्या पोराचे आईबाबा हे वाचत असतील, तर एक विनंती आहे: आज रात्री त्याला जवळ घेऊन सांगा, "त्या दिवशी तू बरोबर होतास."