नंबरवाले काका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाला चष्मा लागला, की ते पहिल्यांदा डॉक्टरला कळतं आणि दुसऱ्यांदा नंबरवाल्या काकांना. घरच्यांचा क्रमांक तिसरा.

काका रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झाले. खात्याने त्यांना निरोप दिला, त्यांनी खात्याला दिला नाही. समोर आलेलं कुठलंही बिल सुटंसुटं करून बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही, मग ते बिल दुसऱ्याचं का असेना. पण त्यांचा खरा जीव चष्म्याच्या बिलात. कारण विचारलं तर म्हणतात, "चष्मा ही एकच वस्तू अशी आहे, की ती घेताना गिऱ्हाइकाला दिसत नसतं."

हे खरंच आहे. जुना चष्मा उतरवायचा, बिननंबरी काचेची नवी फ्रेम चढवायची आणि आरशात बघायचं. मायनस सहावाल्याला त्या आरशात स्वतःच्या जागी कुठलाही इसम उभा केला तरी तो "बरी दिसतेय" म्हणणार. नेमक्या त्याच घडीला त्याच्यापुढे दरपत्रक सरकवतात. अशा वेळी शेजारी एक डोळस माणूस हवा. ती जागा काकांनी कुणी न बोलावता भरून काढली आहे.

दुकानात जाण्याआधी काकांची पहिली अट असते ती डॉक्टरची चिठ्ठी. दुकानातल्या मोफत तपासणीवर त्यांचा विश्वास नाही. "फुकट तपासणारा 'तुम्हाला काही झालेलं नाही' म्हणून परत पाठवेल का? आणि नंबर यंत्रही सांगतं हो. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब बघायचा असतो, मागचा पडदा बघायचा असतो. काचबिंदू काय नंबर काढताना दिसणार आहे?" एवढं ऐकवून ते माणसाला डॉक्टरकडे पाठवतात आणि बाहेरच्या बाकावर स्वतः जाऊन बसतात.

मग दुकान. काकांच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, हातात जुन्या चिठ्ठ्यांची फाइल. काउंटरवरची मुलगी नवीन असेल तर हसून स्वागत करते. जुनी असेल तर आत मालकाला सांगायला जाते.

"सर, ब्लू कट घ्या, निळा उजेड अडवणारी काच. मोबाईलने डोळ्यांवर ताण येतो ना, तो कमी होतो."

"बाळा, २०२३ साली वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी सतरा चाचण्या एकत्र तपासल्या. थोड्या दिवसांच्या वापरात तरी ताण कमी होतो असं काही त्यांच्या हाती लागलं नाही. मोबाईल बाजूला ठेवायचे किती घेता तुम्ही?"

"मग सर, काच एक पॉइंट चौऱ्याहत्तरची देऊ? सगळ्यात पातळ."

"यांचा नंबर दीड आहे. दीड नंबराला १.७४ म्हणजे ठाकुर्लीला जायला फर्स्ट क्लासचा पास. साधी सीआर-३९ द्या. तिच्यातून कडेचंही स्वच्छ दिसतं. तुमच्या त्या महागाच्या काचेत कडेला रंग फुटतात."

यावरून काका कंजूष आहेत असं कुणी समजू नये. वरच्या मजल्यावरच्या मायनस आठवाल्या मुलाला त्यांनी स्वतः १.६७ची पातळ काच घ्यायला लावली, आणि त्याने निवडलेली रुंद चौकोनी फ्रेम हातातून काढून घेऊन छोटी गोल दिली. मायनसची काच कडेला जाड होत जाते. फ्रेम लहान घेतली की ती जाड कडच कापून जाते, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. शाळकरी पोरांना ते पॉलीकार्बोनेटशिवाय काही घेऊ देत नाहीत, कारण चेंडू लागला तरी ती सहसा फुटत नाही. एआरसी, म्हणजे परावर्तन रोखणाऱ्या कोटिंगच्या बाबतीत तर ते दुकानदाराच्याही पुढे जातात. साध्या काचेच्या दोन्ही बाजूंनी मिळून आठेक टक्के उजेड परत फिरतो. रात्री गाडी चालवणाऱ्याला समोरच्या दिव्यांच्या भुतावळी दिसतात त्या यामुळे. "हे पैसे द्यायचे!" असं काका ओरडतात तेव्हा काउंटरवरची मुलगी दचकते, कारण तिने अजून ते मागितलेलेच नसतात.

फ्रेमच्या कपाटापुढे मात्र त्यांचं कीर्तन सुरू होतं. "ही रे-बॅन, ती ओकले. बघा हो, कशी समोरासमोर ठेवलीयेत, हाडवैऱ्यांसारखी. दोघी एकाच घरच्या! लक्सोटिका. आणि ती प्रोग्रेसिव्ह काच, व्हॅरिलक्स, ती एस्सिलोरची. २०१८ साली एस्सिलोर आणि लक्सोटिका दोघांचं लग्न लागलं. आता काडीही त्यांची, काचही त्यांची. आपल्याकडे फक्त नाक उरलं." गिऱ्हाइकं जमतात. मालक चहा मागवतो. काकांना नव्हे, स्वतःला.

काकांच्या आयुष्यातला सुवर्णक्षण २०२५ च्या सप्टेंबरात आला. चष्म्यावरचा जीएसटी २२ तारखेपासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार, असं महिन्याच्या सुरुवातीलाच जाहीर झालं. काकांनी सोसायटीत संचारबंदी पुकारली. मधे पितृपक्ष होता, तो आयताच कामी आला. सरकार आणि पंचांग यांचं इतकं एकमत त्यांनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. चार नंबरच्या आजींची काडी तुटली, त्यांना त्यांनी दोन आठवडे पोथी वाचून दाखवली, पण दुकानात जाऊ दिलं नाही. घटस्थापनेच्या सकाळी शटर वर गेलं तेव्हा बाहेर काका आणि मागे अर्धी बी विंग उभी होती. मूळ किंमत हळूच वाढलेली नाही ना, हे ताडून बघायला शोकेसमधल्या चिठ्ठ्यांचे फोटो त्यांनी आधीच काढून ठेवले होते. पाच हजारांमागे साडेतीनशे वाचले. त्या आकड्याचा उच्चार काका अजूनही सावकाश, पुरवून करतात.

घरी मात्र त्यांचा हिशेब जरा घसरतो. 'एकावर एक मोफत'ची पाटी दिसली की दुसरा चष्मा काकूंचा. काकू शांतपणे म्हणतात, "माझा नंबर डॉक्टर नाही ठरवत, ऑफर ठरवते."

या सगळ्या झटापटीत दुकानातली एक जागा अशी आहे, जिथे काका तोंड उघडत नाहीत. कोपऱ्यात एक फिटर बसलेला असतो. तो गिऱ्हाइकाला फ्रेम घालायला लावतो, सरळ बघायला सांगतो आणि बुबुळासमोर काचेवर मार्करने ठिपका देतो. डॉक्टरच्या चिठ्ठीत हे माप बऱ्याचदा नसतंच. काचेचा मध्य त्या ठिपक्यावर बसला तर चष्मा; नाही बसला तर किरण वाकडे वळतात आणि डोळे दिवसभर ते सरळ करत बसतात. प्रोग्रेसिव्हमध्ये लांबचं वर आणि वाचायचं खाली असतं; तिथे तर काच दोन मिलिमीटर खाली बसली की वाचायची जागा हनुवटी उचलल्याशिवाय सापडत नाही. बिलात ब्रँडची ओळ असते, कोटिंगची असते, कापडाचीसुद्धा असते, ठिपक्याची नसते. काका तिथे फक्त वाकून बघतात आणि कधी मान हलवतात, कधी पट्टी पुढे करतात. आमच्या गल्लीतला फिटर त्यांना पाहिलं की आपण होऊन दुसऱ्यांदा माप घेतो.

एवढा दरारा पसरला की त्याचा फायदा घेणारे निघतातच. लोकांच्या लक्षात आलं, की काकांना प्रत्यक्ष न्यायची गरज नाही. "काका खाली पार्किंगमध्ये आहेत, येतीलच," एवढं म्हटलं की मालक पंधरा टक्के आपणच कमी करतो. आमच्या सेक्रेटरींनी असा चष्मा केला आणि जिन्यात भेटेल त्याला आपली हुशारी सांगितली. चष्मा आला. संध्याकाळ झाली की डोकं जड, डोळे ओढल्यासारखे. आठवडाभर कळ काढून शेवटी ते काकांच्या दाराशी गेले.

काकांनी चष्मा डोळ्यांवर ठेवायला सांगून पट्टी लावली. "दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर बाहेर. साडेचार नंबर, म्हणजे डोळ्यागणिक किरण १.३५ प्रिझम वाकणार, एकूण २.७. डोकं नाही दुखणार तर काय? डिस्काउंट किती मिळालं?"

"पंधरा टक्के."

"माझ्या नावावर?"

सेक्रेटरींनी खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हणजे माझ्या नावाचे पैसे तुम्ही घेतलेत आणि माझं काम तसंच राहिलंय. चपला घाला."

दोघांना येताना पाहून मालकाने वाद घातला नाही. फिटरने नव्याने ठिपके दिले, काका वाकले, मान हलली. काच बदलून द्यायचं ठरलं. निघताना मालक हात जोडून म्हणाला, "काका, एकच विनंती. पुढच्या वेळी खरोखरच पार्किंगमध्ये थांबा."

"थांबतो की," काका म्हणाले. "पार्किंगचे पैसे बिलात वेगळे दाखवा."