सीट कव्हर आधी, ब्रेक मग

जुन्या मोटारींच्या जाहिराती खऱ्या धरल्या, तर महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी पेशंट तपासले कधी असा प्रश्न पडतो. जी पाहावी ती गाडी डॉक्टरांची. सिंगल हँड, कंपनी मेन्टेन्ड, फक्त रविवारी बाहेर काढलेली आणि तीही देवदर्शनाला. सन २००८ची अल्टो आणि मीटर बेचाळीस हजारांवर. मागची सीट उचलावी तर खाली सिमेंटची पूड, दोन खिळे आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. देवदर्शनाला जाता जाता डॉक्टर वाटेत एखादा बंगलाही बांधत असावेत.

अशी गाडी घेणारा माणूस भोळा असतो असं मात्र समजू नका. तो पक्का हिशेबी असतो. कोथरूडहून हिंजवडीला रोज जायचं. दुचाकी म्हटली की पावसात भिजायचं, उन्हात भाजायचं आणि बाराही महिने डंपरच्या मागे धूळ खायची. नवी गाडी म्हणजे सात वर्षांचा हप्ता. रोज कॅब करायची, तर पगार परस्पर कॅबवाल्याच्या खात्यात वळता केलेला बरा. मग एका रविवारी वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली जाते. सत्तर-ऐंशी हजारांत गाडी, वर थोडं इकडचं-तिकडचं काम, की पुढची पाच वर्षं बघायला नको.

हिशेब चुकीचा नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली, तेव्हापासून तीन सिलिंडर आणि ७९६ सीसी या मापाची इंजिनं खोलत देशातल्या मिस्त्र्यांच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. ८००चं उत्पादन २०१४मध्ये थांबलं, अल्टोने तोच वसा पुढे चालवला. सुटे भाग नाना पेठेत मिळतात आणि तेही तीन दरांत: ओरिजिनल, ओरिजिनलसारखा आणि 'घेऊन जा, चालेल'. तेव्हा अशी गाडी ठाकठीक करणं अवघड नाही. अडचण एवढीच, की ती ठाकठीक झालेली चारचौघांना दिसली पाहिजे.

आमच्या शेजाऱ्यांनी अशीच एक अल्टो आणली आणि त्याच संध्याकाळी मिस्त्रींना दाखवली. मिस्त्री जुन्या मुशीतले. त्यांनी ऑइलचं झाकण काढून आतली बाजू पाहिली. तिथे दुधाळ साय दिसली की हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा. साय नव्हती. मग गाडी चालू करून ते सायलेन्सरच्या मागे उकिडवे बसले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय आणि इंजिन तापल्यावरही पांढरा थांबेना, तर पाणी आत शिरतंय. धूर कुठल्याच रंगाचा नव्हता. "साहेब, इंजिन चांगलंय," मिस्त्री म्हणाले. त्या तीन शब्दांवर सोसायटीत पेढे वाटले गेले. मिस्त्रींचं वाक्य अजून संपलं नव्हतं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

"ब्रेक ऑइल काळं पडलंय. मागचे ब्रेक शू संपलेत."

"पण ब्रेक लागतोय ना?"

"लागतोय, पण..."

"लागतोय ना? मग चालतंय की! आधी सीट कव्हरचं बघू."

सीट कव्हर आलं. तांबडं-काळं, लेदरसारखं, हिऱ्याच्या शिलाईचं. त्याला शोभेलसं स्टीअरिंग कव्हर आलं, पायाखाली मॅट आल्या, डॅशबोर्डवर मान हलवणारा गणपती आला. जुना टेप काढून त्या जागी नऊ इंची स्क्रीन बसला. गाडी सगळी मिळून साडेतीन मीटर लांब. ड्रायव्हरने मान वळवली तर नाक मागच्या काचेला लागेल. तिलाही रिव्हर्स कॅमेरा बसला. शेवटी दारांच्या तळाशी जिथे पत्रा सडला होता तिथे लांबी भरून रंग मारला आणि त्यावर टेफ्लॉन कोटिंग केलं. ज्या पत्र्याची जागा आता लांबीने घेतली आहे, त्याला ऊन-पावसापासून संरक्षण मिळालं.

दुसऱ्या दिवशी वहिनी खाली आल्या. "अहो, टायरला भेगा पडल्यात." शेजाऱ्यांनी वाकून पाहिलं. "ती डिझाइन आहे," ते म्हणाले.

टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३११४ लिहिलेलं असेल, तर तो टायर २०१४ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात जन्मला. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण गाडी उभी राहूनही रबर म्हातारं होतं, हे कुणी मानायला तयार नसतं. उलट "नक्षी बघा, अजून केवढी आहे!" असं अभिमानाने सांगितलं जातं. नक्षी आहेच. आजोबांच्या डोक्यावर दाट केस आहेत, म्हणून त्यांना मॅरेथॉनला कुणी पाठवत नाही, एवढंच.

ब्रेक ऑइलचं तर दुर्दैव असं, की ते झाकणाखाली असतं. हे तेल हवेतला दमटपणा शोषून घेतं. पाणी मुरलेलं तेल कमी तापमानाला उकळतं, त्याची वाफ होते आणि घाट उतरताना पाय दाबला की पेडल गादीसारखं आत जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. खर्च एका सिनेमाच्या तिकिटांएवढा, चौघांची धरली तर. पण सिनेमाला गेल्याचं निदान स्टेटसवर टाकता येतं.

टायमिंग बेल्टची कथा आणखी करुण आहे. तो बिचारा कव्हरच्या आत राहतो, आवाज करत नाही, धूर सोडत नाही, कसलीही पूर्वसूचना देत नाही. त्याला आधी कधी बदललं, याची नोंद डॉक्टरांच्या फायलीत नसते, कारण फाइलच नसते. जाणती माणसं अशी गाडी घेतली की पहिला बेल्ट बदलतात, मग पुढचं बोलतात. तो वाटेत तुटला तर गाडी जागच्या जागी थांबते आणि कित्येक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हाणामारी होऊन हेड उतरवायची वेळ येते. "अजून तुटला नाहीये ना?" शेजाऱ्यांनी विचारलं. मिस्त्रींनी आकाशाकडे पाहिलं.

मिस्त्रींची बाजू घेतोय म्हणून ते धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. आधीच्या मिस्त्रीने गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला होता आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरलं होतं. हा आपल्याकडचा जुना, अनुभवसिद्ध उपचार. रेडिएटर गंजलाय, पंखा वेळेवर फिरत नाही, ही कारणं शोधण्यापेक्षा ताप मोजणाराच काढून टाकला की घरात शांतता. मग इंजिनला पुरेशी ऊब यायला वेळ लागतो, तोवर ते थंडी वाजल्यासारखं जादा पेट्रोल पितं आणि ॲव्हरेज घसरतं.

शेजाऱ्यांना ॲव्हरेज घसरल्याचं कळलं, तेव्हा गुन्हेगार तयारच होता: पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. आता इथेनॉलने ॲव्हरेज थोडं घटतं हे खरंच. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, ते अधूनमधून तपासावेत हेही खरं. पण टायरमध्ये हवा कमी, एअर फिल्टरमध्ये आख्खा वारज्याचा पूल आणि थर्मोस्टॅट गायब, या सगळ्याचं खापर उसावर फोडणं म्हणजे जरा अतीच. तरी त्याचा एक मोठा फायदा आहे. सरकारला शिव्या द्यायला पैसे पडत नाहीत, थर्मोस्टॅटला पडतात.

शिवाय गाडीचा मीटर किलोमीटर मोजतो, तास मोजत नाही. चांदणी चौकातून वाकडपर्यंत सकाळच्या गर्दीत जाणारी गाडी मीटरवर मोजकेच आकडे पुढे सरकते, तेवढ्यात इंजिन तासभर चालतं, पंखा धापा टाकतो आणि अर्धवट दाबलेल्या क्लचवर प्लेट झिजत राहते. म्हणून रोजच्या गर्दीतल्या गाडीला ऑइल किलोमीटरवर न जाता महिन्यांवर बदलावं. हे ऐकल्यावर शेजारी म्हणाले, "गाडी चाललीच कुठे, नुसती उभी तर असते!" यावर उत्तर नाही. पुणेकर या नात्याने मला ते पटलंसुद्धा.

आता सरकारकडे वळू. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीकडे सरकारचं बारीक लक्ष असतं. नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करायचं. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, २०२२च्या एप्रिलपासून ५,००० झाली आणि गाडीने विशी ओलांडली असेल तर २०२५पासून १०,०००. वर ग्रीन टॅक्स, पीयूसी, विमा. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही सक्तीची झाली. तिच्या मुदतवाढी इतक्या वेळा झाल्या, की शेवटची तारीख ही एक मालिका आहे असंच लोक समजू लागले. प्लेटला होलोग्राम आहे, लेसरने कोरलेला क्रमांक आहे, एकदा बसवली की निघणार नाही असा लॉक आहे. गाडी बिनब्रेकची दरीत गेली, तरी ती कुणाची हे तत्काळ कळेल, अशी चोख व्यवस्था.

कुणाची, यावरून आठवलं. जुन्या गाडीच्या व्यवहारात फॉर्म २९ आणि ३० कोरेच सह्या करून दिले जातात आणि ते ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून राहतात. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं, की अपघात झाला तर ज्याच्या नावावर नोंद आहे तोच मालक धरला जाईल, मधे गाडी कितीही हातांतून फिरलेली असो. तेव्हा त्या डॉक्टरांच्या नावावर आजही पुण्यात पाच-सहा गाड्या धावत असतील आणि ते निवांतपणे पेशंट तपासत असतील. शेजाऱ्यांना म्हटलं, गाडी नावावर करून घ्या. ते म्हणाले, "एजंटला सांगितलंय." हे वाक्यही नऊ इंची स्क्रीनप्रमाणे दिसायला छान आहे.

शेजाऱ्यांना एकट्याला हसण्यात मात्र अर्थ नाही, कारण आपलं शहरच या पद्धतीने दुरुस्त होतं. पाहुणे येणार असले की दुभाजकांना पिवळा-काळा रंग, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चौकाला कारंजं. रस्त्याखालच्या ड्रेनेजला कुणी रंग देत नाही, कारण तिथे फीत कापता येत नाही. मग पाऊस येतो आणि चौक स्वतःच कारंजं होतो. सोसायट्यांचंही तेच. लॉबीत ग्रॅनाइट, गच्चीवरच्या टाकीला मात्र गोणपाटाचा बोळा. जे दिसतं त्याला निधी, जे वाचवतं त्याला "चालतंय की".

गंमत म्हणजे मिस्त्रींच्या सगळ्या यादीची बेरीज केली. ब्रेक शू, ब्रेक ऑइल, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, कूलंट, रबरी पाइप, लोअर आर्मचे बुश आणि चार नवे टायर. ही बेरीज सीट कव्हर, स्क्रीन, कॅमेरा, एलईडी आणि कोटिंग यांच्या बेरजेपेक्षा थोडी कमीच भरली. म्हणजे पैसे नव्हते असं नाही. क्रम चुकला होता. पहिल्या महिन्यात ही यादी पुरी केली असती, तर उरलेली पाच वर्षं सीट कव्हर निवडायला मोकळी होती.

शेवटी शेजाऱ्यांनी ब्रेकचं काम केलं. मिस्त्रींच्या सांगण्यावरून नाही आणि वहिनींच्याही नाही. संपलेले शू ड्रमवर घासून असे काही किंचाळू लागले, की सिग्नलला बाजूचे दुचाकीवाले वळून बघायला लागले. जे इतके दिवस दिसत नव्हतं ते आता ऐकू येऊ लागलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये होती.

यातून शासनाने बोध घ्यावा अशी माझी नम्र सूचना आहे. ब्रेक बदलणाऱ्या प्रत्येकाला मागच्या काचेवर लावायला एक मोठा, चकाकणारा स्टिकर द्यावा: 'या गाडीचे ब्रेक नवे आहेत'. 'आईचा आशीर्वाद'च्या शेजारी तो शोभून दिसेल, लोक स्टिकरसाठी गॅरेजसमोर रांगा लावतील आणि महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्या पहिल्यांदाच वेळेवर थांबू लागतील. योजना जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच स्टिकर नाना पेठेत वीस रुपयांना, ब्रेकशिवाय, सुटा मिळू लागेल.